काकांची बडतर्फी

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, वाहतूक पोलीस होते. चौकात उभं राहून हात दाखवायचा एवढंच त्यांना येत होतं, पण ते फार सुंदर येत होतं. चेहरा मात्र असा, की त्यांच्याच लग्नाच्या फोटोत त्यांच्याकडे बोट दाखवून लोक विचारत, "हे कोण?" एक दिवस साहेब याच चेहऱ्यावर खूश झाले. शहरातल्या एका गॅरेजात चोरीच्या मोटरसायकली रंग बदलून, नंबर घासून विकल्या जात होत्या. तिथं कामगार म्हणून शिरायला कुणाच्या लक्षात न राहणारा माणूसच हवा होता.

"घरी एक अक्षर बोलायचं नाही," साहेबांनी बजावलं. बजावायची काही गरज नव्हती. आमच्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. काका रोज गणवेश घालून निघत, वाटेत एका मित्राकडे तेलकट कपडे चढवत आणि संध्याकाळी रॉकेलनं हात धुऊन परत येत.

"चौकात हल्ली रॉकेल शिंपडतात का?" मावशी नाक मुरडून विचारी.

"गाड्यांचा धूर गं," काका म्हणत.

गॅरेजच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. माणूस चोर, पण कामगारांना जीव लावणारा. मागच्या शेडची किल्ली मात्र त्याच्या कमरेला असे, आणि चोरीचा माल त्याच शेडमध्ये होता. तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय धाड घालता येत नव्हती. आणि काका पोलीस आहेत असा नुसता संशय आला असता तरी ते धड घरी आले नसते. आधीच्या एका खबऱ्याला उस्तादच्या साथीदारांनी असं बदडलं होतं, की तो अजून लंगडत होता.

एका दुपारी गॅरेजसमोरच्या गल्लीत ट्रक आणि टेम्पो समोरासमोर अडकले. मागे रांगा लागल्या, हॉर्न वाजू लागले, ड्रायव्हर एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करू लागले. दारू सोडलेल्या माणसापुढे बाटली ठेवावी तसं काकांचं झालं. थोडा वेळ त्यांनी स्वतःला आवरून धरलं. मग पाना टाकून ते गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तोंडात बोटं घालून शिट्टी मारली, पंजा उभारून ट्रक थांबवला, टेम्पोला मागे रेटलं, रिक्षा एकेक करून काढल्या. गल्ली बघता बघता मोकळी झाली. कुणी हूं की चूं केलं नाही.

काका वळले, तर दारात उस्ताद उभा.

"हात फार सराईत आहे रे तुझा," तो म्हणाला. "कुठं शिकलास?"

काका हात पुसायला चिंधी शोधू लागले. आणि नेमकं तेव्हाच, त्यांनीच पुढे काढलेल्या एका रिक्षातून मावशी उतरली.

"अगं बाई! हे काय ध्यान?" तिनं काकांना नखशिखांत न्याहाळलं, गॅरेजची पाटी वाचली आणि स्वतःच निकाल लावून टाकला. "काढलं ना तुम्हाला? पोलिसातून काढलं ना? तरीच म्हटलं, रॉकेलचा वास कसा येतो!"

गॅरेजातली ठोकाठोक एकदम थांबली. काकांनी मान खाली घातली. "हो," ते म्हणाले.

"आणि रोज गणवेश घालून निघायचात! मी काय परकी आहे?" मावशी तिथंच एका जुन्या टायरवर बसली आणि हमसाहमशी रडू लागली.

उस्ताद स्वतः पाणी घेऊन आला. "रडू नका, वहिनी. खात्याला माणसाची किंमत नाही, आम्हाला आहे." मग काकांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "वेड्या, आधी नाही का सांगायचं? पोलिसांनी हाकललेला म्हणजे आपलाच माणूस की!" दुसऱ्या दिवशी शेडची किल्ली काकांच्या हातात होती.

घरी तरी काकांनी खरं सांगायचं! नाही सांगितलं. मावशी मात्र पदर खोचून उभी राहिली. नवऱ्याची अब्रू झाकायला तिनं सगळ्या नातेवाइकांना ठणकावलं, "यांना खास गुप्त कामगिरीवर घेतलंय." नातेवाईक तोंडावर हात ठेवून हसले. बिचारी खोटं समजून खरंच सांगत सुटली होती! शिवाय रोज दुपारी ती गॅरेजात डबा पोचवू लागली, उस्तादच्या वाट्याचंही त्यात घालून. अडचणीत त्यानंच हात दिला होता ना. "जेवताना मला मान वर करवत नसे," असं काका पुढे मला म्हणाले. त्यांना तसं वाटायलाच हवं होतं.

चोरीचा माल घेणारी गिऱ्हाइकंही हाती लागावीत म्हणून साहेब काही दिवस थांबले. मग धाड पडली ती डब्याच्या वेळेला. मावशी पोचली तर दारात पोलिसांची गाडी, शिपाई काकांना सलाम ठोकताहेत आणि साहेब त्यांची पाठ थोपटताहेत. उस्तादच्या हातांत बेड्या होत्या. काकांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "याच्यावर नव्हता ठेवला मी विश्वास. तुमच्या रडण्यावर ठेवला होता."

"मी खरंच रडले होते हो," मावशी म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून तर फसलो."

"वहिनी, अभिमान वाटायला हवा तुम्हाला!" साहेब मध्येच म्हणाले. काका हसत डबा घ्यायला पुढे आले. मावशीनं तो उस्तादच्या बेडी घातलेल्या हातांत दिला.

"तुम्ही साहेबांबरोबर जेवा," ती काकांना म्हणाली.