घोडीचा पोळा

घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढंच सरकलं पाहिजे, मागं फिरायची सोय देवानं त्याला दिलेलीच नाही. घोडी घेतली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलं हेच सांगितलं, आणि मी ते घरात इतक्यांदा सांगितलं की नवरा म्हणाला, "आता भिंतीवर लिहून ठेव."

आंबागडच्या पायथ्याशी आमचं गाव, सगळं धानाचं. इथं जनावर म्हणजे बैल, नाहीतर म्हैस. घोडी म्हणजे लग्नाच्या वरातीपुरती तुमसरहून येणारी पाहुणी. ती आमच्या कोठ्यात, बैलांच्या शेजारी, कायमची राहायला आली तेव्हा बाया विचारायच्या, "काहून वं, हिले नांगराले जुंपता का?" मी म्हणायचे, "हो, तुमच्या नवऱ्यासंगं जुंपतो!"

वरातीत दोर नवरा धरतो, म्हणून लोक त्यालाच मालक समजतात. समजोत. पण खरारा मी करते, खुरं मी साफ करते, चणे किती द्यायचे ते मी ठरवते. सकाळी उठल्याबरोबर लीदसुद्धा मीच पाहते. कोरडी आहे का, कमी आहे का. घोडीची तब्येत तिथंच आधी कळते.

गेल्या पोळ्याची गोष्ट. बैल तोरणाखालून घरी आले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळ्या चारल्या. घोडी बाजूलाच बांधलेली होती. मी पाहुण्यांच्या गर्दीत अडकले होते, तिकडं बघायला सवड झाली नाही.

सकाळी कोठ्यात गेले, तर घोडी पुढच्या पायानं जमीन खरडून राहिली होती. सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडं पाहायची. अंग घामानं भिजलेलं, आणि खाली लीद म्हणून नाही.

"हिनं काय खाल्लं?" मी ओरडलेच.

आत्याबाई अंगणातून म्हणाल्या, "अवं, बैलं खाऊन राहिले होते, अन् ते बिचारी नुसती पाहून राहिली होती. सणाच्या दिवशी कोणाले उपाशी ठेवाव का? मंग देल्या पोळ्या."

"पोळ्याच?"

"अन् उरलेला भात. शेजारणीनंबी आणल्या होत्या तिच्यासाठी."

मग माझं तोंड सुटलं. "जीव घेतला तुम्ही तिचा, आत्याबाई! घोडी का बैल होय, रवंथ करायले?" अंगणात माणसं होती, तरी बोलले. त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

डॉक्टर आले. पोटाला नळी लावून ऐकलं. आतून आवाज नव्हता. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. "लोळू देऊ नका," म्हणाले. "आतड्याला पीळ पडला तर मग माझ्याही हातात काही नाही. थोडं थोडं चालवा. अन् लीद पडेपर्यंत एक काडीसुद्धा नाही."

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे पोरांचा तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरत होती, आणि मी घोडीला अंगणात फिरवत होते. तिचे गुडघे वाकायला लागले की दोर ओढायचा, "ऊठ माय, ऊठ" म्हणायचं. रडू येत होतं आणि रागही. राग आत्याबाईंवर होताच, पण त्यांनी वाईट काहीच केलं नव्हतं, याचा जास्त होता. आमच्याकडं माया दाखवायची रीत एकच, वाढणं. तापानं फणफणलेल्या माणसालाही "घे जरासं" म्हणायचं. घोडीनंही ती माया मुकाट्यानं खाल्ली होती, आणि आता तीच माया तिच्या जिवावर उठली होती.

दुपारी नवऱ्यानं आईला जेवायला बोलावलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथून हलल्या नाहीत. "पहिले तिचं पोट मोकळं होऊ दे," म्हणाल्या.

ऊन कलतं झालं तेव्हा घोडी चालता चालता थांबली, शेपटी उचलली, आणि लीद पडली. थोडीशीच, पण पडली! मी तिच्या मानेला मिठी मारून भोकाड पसरलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "वाचली. आता मूठभर हिरवं गवत द्या. दाणा एवढ्यात नको, अन् जास्त खाल्ल्याचं खुरांत उतरतं, ती गरम लागतात का ते पाहत राहा."

हे ऐकून आत्याबाई उठल्या आणि बांधावरून गवत घेऊन आल्या. पंगतीत समोरचा ताटावर आडवा हात धरतो, तो हात बाजूला सारून वाढणारी ही बाई. कुणाला विचारून वाढल्याचं मला आठवत नाही. ती माझ्यासमोर मूठ धरून उभी राहिली.

"एवढं चालते का वं?"

मुठीत जेमतेम गवत होतं. मी म्हटलं, "चालते, आत्याबाई. द्या तुमच्याच हातानं."

त्यांनी त्यातल्याही दोन काड्या काढून खाली टाकल्या, आणि मग हात पुढं केला.