ओकची फळी

नीउ-व्हेनेप या डच गावाच्या बाहेर एका म्हाताऱ्याची लाकूड विकायची शेड होती. स्वयंपाकघरातल्या टेबलासाठी मला ओकची जाड फळी हवी होती. सागवान मला ओळखता येतो, ओक नाही. त्यामुळे हा माणूस काहीतरी भलतंच गळ्यात मारणार, असं मी घरूनच ठरवून गेलो होतो.

तो प्रत्येक फळीवर आधी अंगठा फिरवायचा आणि मगच बोलायचा. इथल्या ओकच्या पूर्वी होड्या व्हायच्या, पिंपं व्हायची, कालव्यांचे दरवाजे व्हायचे, असं त्याने सांगितलं. मी ऐकता ऐकता फळीची कड नखाने खरवडत होतो. वर नुसता पातळ थर चिकटवलेला असला तर?

"विश्वास नाही ना?" त्याने विचारलं.

"या देशात आल्यापासून कुणावरच बसत नाही," मी म्हणालो.

"माझंही तसंच. तुम्ही आत आल्यापासून माझं लक्ष तुमच्या खांद्यावरच्या पिशवीवर आहे."

मला राग आला. त्याने फळीच्या टोकाचा तुकडा कापला, आतल्या लाकडावर एक ओला खिळा ठेवला आणि आम्ही दोघे वाट पाहत बसलो. अर्ध्या तासाने खिळा उचलला, तर खाली शाईसारखा काळा डाग पडला होता.

"ओकमध्ये तुरट रस असतो. ओलं लोखंड लागलं की तो असा काळा पडतो."

तरीही मी फळी ओकचीच असल्याचं लिहून मागितलं. त्याने लिहून दिलं, आणि खाली फळी पारखून घेतल्याची माझीही सही घेतली.