आईचं कडवं

घाटनांदूरच्या बाजारगल्लीत मल्लम्माचं किराणा दुकान होतं. लोक तिच्याकडे साखर-पत्तीला येत, तसेच मंगलाष्टकं लिहून घ्यायलाही. विधवा म्हणून ती मांडवात मागं, खांबाशी थांबे. तिचे शब्द तेवढे पुढं जात. कुणी काही देऊ केलं की म्हणे, विरजण कुणी विकतं का? न्या, लावा, शेजारणीनं मागितलं तर तिलाही द्या.

राधाकिशनची बायको दोन मुली पदरात टाकून वारली होती. थोरल्या वनमालाच्या लग्नात मल्लम्मानं एक कडवं घातलं : ‘नाही आज समोर माय तरिही पाठीवरी हात तो’. मांडव रडला. कडवं हातोहात गावोगाव गेलं.

गल्लोगल्ली कॅसेटची, झेरॉक्सची दुकानं निघत होती, ते दिवस. अंबाजोगाईच्या विश्वेश्वरनं तिची सगळी मंगलाष्टकं छापली. चकचकीत पुस्तिका एसटी स्टँडवर विकायला आली. मागच्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’. कोणतं कडवं कुणासाठी, हे त्यानं पाहिलंच नाही. धर्मापुरीच्या एका लग्नात गाणाऱ्यानं पुस्तिका उघडून ओळीनं सगळी म्हटली, तेव्हा नवरीची आई कौशल्याबाई समोर धडधाकट उभी होती. जिवंतपणी माझं श्राद्ध घातलंत, असा तिचा निरोप मल्लम्माच्या दुकानात आला.

मल्लम्मा अंबाजोगाईला गेली. विश्वेश्वरनं चहा मागवला. ते कडवं काढा आणि मागच्या पानावरची ओळही काढा, एवढंच ती म्हणाली.

“मावशी, तुमीच म्हनता ना, कुनीबी घ्या?”

“घ्या म्हनले. घेऊन कवाड लावा, न्हाई म्हनले.”

तो हसला. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाला, तुमचं नावही टाकू. नाव तिला नकोच होतं. चहावर साय धरली, मल्लम्मा तशीच उठली.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या रोहिणीचं लग्न ठरलं. राधाकिशन तिला घेऊन दुकानात आला. तराजूकडे बघत म्हणाला, आईचं कडवं तेवढं गाळा. लोक आता त्याला अपशकुनी म्हणतात; शिवाय पुस्तकवाल्यानं हक्क लावलाय, भर मांडवात कुणी काही बोललं तर?

रोहिणी खाली बघत होती.

“ताईच्या लग्नात आई होती,” ती म्हणाली. “माझ्याच लग्नात कावून न्हाई?”

मल्लम्मानं नवं लिहून बघितलं. कागदावर जुनीच ओळ उतरे आणि तिच्यात आता कौशल्याबाईचा निरोप ऐकू येई. शेवटी तिनं पेन ठेवलं.

“तेच म्हना. तुझ्या आईचंच हाय ते.” आणि राधाकिशनला म्हणाली, “कुनी विचारलं तर माझं नाव सांगा.” तिनं असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्नात कडवं आलं तशी रोहिणीनं डोळे मिटले. तिची पाठ जराशी ताठ झाली. खांबाशी उभी असलेली वऱ्हाडातली एक बाई मल्लम्माच्या कानाशी लागली. पुस्तकातलं हाय, लई चांगलं हाय, आमच्याकडं दोन हायेत, तुमाला देऊ का एक?

मल्लम्मानं नको म्हणून मान हलवली आणि मुठीतल्या अक्षता टाकल्या. त्या पुढच्या माणसांच्या पाठीवरच पडल्या.