खुर्चीसकट घर

पडदेवालीला हे नाव पुढे पडलं. लग्न झालं तेव्हा ती घरोघरचे कपडे शिवून देणारी एक मुलगी होती, आणि तिचा नवरा छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. दोघांना मिळून एक खोली भाड्याने मिळाली, दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच. आधी तिथे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले आणि जाताना सगळं सामान घेऊन गेले, अगदी भिंतीवरचे दातांचे तक्तेसुद्धा. खुर्ची तेवढी राहिली.

खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध होती. लोखंडी, जाड काळ्या गादीची, जमिनीत बोल्टांनी पक्की केलेली. खालची पट्टी पायाने दाबली की ती वर जायची आणि कडेचा दांडा ओढला की तिची पाठ मागे पडायची. घरमालक म्हणाले, माणूस पाठवतो, काढून नेईल. माणूस आला. त्याने वाकून बोल्ट पाहिले, हे काढायचं तर जमीन फोडावी लागेल आणि तुमची जमीन म्हणजे खालच्यांचं छत, असं सांगितलं आणि चहा पिऊन निघून गेला. मग नवऱ्याने घरमालकांपुढे दाताच्या कण्या केल्या. घरमालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खुर्चीचं वेगळं भाडं लावत नाहीये मी," ते म्हणाले. "तेवढं लक्षात ठेवा."

तेव्हा दोघांनी खुर्चीच्या सोयीने बस्तान बसवलं. एका अंगाला पलंग, दुसऱ्या अंगाला शिवणयंत्र, कोपऱ्यात स्टोव्ह. खुर्चीला जोडलेलं चूळ भरायचं भांडं होतं, त्यात तिने माती भरून एक रोप लावलं. रोप जोमाने वाढलं. नवरा म्हणाला, जागेचा गुण असेल.

पण काळी गादी काही तिला बघवेना. गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेलं पिवळं, लाल फुलांचं कापड होतं, त्याची तिने खुर्चीला खोळ शिवली आणि खाली चांगली चुणीदार झालर लावली. आता खुर्ची सजली, पण तिच्याशेजारचं स्टूल उघडंबोडकं दिसायला लागलं. स्टुलाला झालर लावल्यावर पाण्याचं पिंप डोळ्यांत खुपू लागलं. मग रेडिओ, मग दिवा, मग घड्याळाखालची फळी. एके दिवशी नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीलाही झालर आली. छापखान्यात सगळ्यांनी ती हात लावून बघितली. दुसऱ्या दिवसापासून तो पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ लागला.

भिंती मात्र त्याने सजवल्या. ओल येऊन त्यांचे पोपडे निघाले होते आणि रंग द्यायला घरमालक तयार नव्हते. छापखान्यात खोकल्याच्या औषधाची लेबलं छापून तयार झाली होती. हिरवा रंग, सोनेरी किनार, दृष्ट लागावी अशी. पण 'बाटली हलवून घ्यावी' याच्या जागी 'बाटली हसवून घ्यावी' असं छापलं गेलं, आणि कंपनीने सगळा माल परत पाठवला. छापखान्याच्या मालकांना विचारून त्याने ते गठ्ठे घरी आणले. रोज संध्याकाळी खळ शिजवून तो एकेक ओळ चिकटवत असे. कागद कापणाऱ्याचाच हात तो. ओळ कुठे तसूभर वाकडी गेली नाही. चारी भिंती हिरव्या-सोनेरी झाल्या. ती कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, छतालाही पुरतील का?" पुरली.

डॉक्टर गेल्याचं सगळ्यांना कुठे माहीत होतं? एका सकाळी बस चालवणारे एक गृहस्थ गालाला रुमाल बांधून जिना चढून आले, उघड्या दारातून सरळ आत शिरले, खुर्चीत बसले आणि त्यांनी आ वासला. ती यंत्रावर होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे थोडा वेळ दोघांपैकी कोणालाच बोलता येईना. तिने एकेक करून टाचण्या काढून ठेवल्या आणि डॉक्टर इथे नसतात असं सांगितलं.

"आता आलोच आहे तर तुम्हीच बघा," ते म्हणाले.

नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने वाकून बघितलं आणि फार किडलाय असं सांगितलं, जे त्यांना ठाऊक होतं. मग कोमट पाण्यात मीठ घालून दिलं आणि चौकातल्या दुसऱ्या दवाखान्याची वाट दाखवली. चुळा भरून झाल्यावर गृहस्थ तिथेच टेकून बसले आणि त्यांनी समोरची भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. बाटली कशी हसवायची ते त्यांनी विचारलं नाही. खिडकीवरचा पडदा कोणी शिवला, एवढंच विचारलं.

आता त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत सोडून काहीही दिसत नव्हतं. तरी तिने तिथे दुहेरी घड्यांचा, जमिनीपर्यंत लोळणारा पडदा लावला होता. गृहस्थांची बायको पुढच्याच आठवड्यात खिडक्यांची मापं घेऊन आली. मग तिची बहीण आली, मग बहिणीची शेजारीण. शिवाय दुखऱ्या दाताची माणसं चुकून येतच होती आणि जाताना पडदे सांगून जात होती. कपड्यांचं काम मागे पडलं आणि ती पडदेवाली झाली ती अशी.

मग सासूबाई चार दिवसांसाठी आल्या. दारातूनच त्यांनी नाक मुरडलं. "घर आहे की दवाखाना?" त्यांनी मुलाला विचारलं, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. दुपारी पलंगावर पडद्यांचं कापड पसरलेलं होतं, म्हणून नाइलाजाने त्या खुर्चीत आडव्या झाल्या. मुलाने दांडा ओढून पाठ मागे केली. त्या दिवेलागणीला उठल्या आणि चहा प्यायल्या. गेली कित्येक वर्षं धरलेली त्यांची कंबर सुटली होती.

त्यांचे चार दिवस पावसाळाभर चालले. खुर्ची त्यांनी कायमची ताब्यात घेतली. सुनेशी काही बिनसलं की त्या मुलाला पट्टी दाबायला सांगत, चांगल्या वर जात आणि मग बोलायला लागत. सून खालून ऐकून घेई. पुन्हा पटलं की त्या स्वतःच म्हणत, "बरं, आण मला खाली." निघायच्या दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, "घर छान लावलंयस. माझ्याकडे पण दोन खिडक्या आहेत."

काही वर्षांनी घरमालकांनी इमारत विकली आणि खोली सोडावी लागली. नवऱ्याने मित्राला बोलावून बोल्टांवर हातोडा चालवून पाहिला. आवाजाने खालच्या मजल्यावरची माणसं वर आली, आणि दोघांनी हात टेकले. भिंतीवरची लेबलं सोलायला गेलं तर फाटत होती. पडदेवालीने धुवायला म्हणून खोळ काढली, काळ्या गादीकडे बघितलं आणि खोळ परत चढवली. नाड्या नीट बांधल्या. "असू दे," ती म्हणाली. "नवीन येणाऱ्यांना बरं दिसेल."

नवं घर दोन खोल्यांचं, कोऱ्या पांढऱ्या भिंतींचं. तिथे मधोमध काहीच नव्हतं. सुरुवातीला दोघंही खोलीच्या मधून न जाता भिंतीच्या कडेकडेने चालत. ठरवल्याप्रमाणे एका खोलीत तिचं काम आणि दुसऱ्या खोलीत त्याची बसायची जागा केली. पहिल्या रविवारी तो तासभर आपल्या खोलीत बसला, मग तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"येऊ का आत?" त्याने विचारलं.

"काही हवंय का?"

"नाही. तिकडे यंत्राचा आवाज येत नाही."

तिने पायांजवळचं कापड बाजूला सारून जागा केली. संध्याकाळी त्याने आपली खुर्ची, रेडिओ आणि चष्मा या खोलीत आणला, आणि ती दुसरी खोली कापडाच्या गठ्ठ्यांना देऊन टाकली.