मिल, माणूस, चिमणी

रविवार, सकाळचे दहा. जागा: मोहाडी, आमची पडवी. हजर: आई, मी आणि माईकवाले काका. बाबा फक्त कॅसेटमध्ये होते.

त्यांच्या आवाजाची ती एकुलती एक कॅसेट. धानाच्या मिलवर काम करताना गायलेली भजनं, आणि वरून मिलची घरघर. शब्द लागले नाहीत की आई टेप बंद करायची. ती घरघर काढायलाच काकांना बोलावलं होतं.

गावातल्या लग्नांना, दंडारीच्या नाटकांना माईक काकांचाच. त्यांच्या मिक्सरवर जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सरकती बटणं होती. छापील आकड्यांवर त्यांनी चिकटपट्ट्या लावून पेनाने लिहिलं होतं: ढोल, मिल, माणूस, बाई, चिमणी.

"आकडे कायले झाकले?" मी विचारलं.

"आकडा कानाले आयकू येते का, ताई? मिल येते."

माईक किंचाळला की बाकीचे माईकवाले सगळाच आवाज कमी करत. काका मात्र एकच बटण खाली ओढत. "जो बोंबलते त्यालेच दाबाचं. बाकीच्यायनं काय केलं?"

त्या दिवशी त्यांनी 'मिल' पार खाली ओढली. घरघर गेली. बाबांचा आवाजही फोनवरून आल्यासारखा पातळ झाला.

आई म्हणाली, "हे कोण गाऊन राहिलं?"

काकांनी टेप थांबवली. मग म्हणाले, "वहिनी, दादाचा आवाज मिलच्या शेजारीच बसते. मिल काढली त दादा बी अर्धा जाते."

काकांसाठी केलेली कामांची यादी मी दाखवली. त्यात 'घरघर पूर्ण काढणे' असं लिहिलं होतं.

"तुही यादी बाजूले ठेव, ताई."

"राहू द्या मिल, भाऊ," आई म्हणाली. "मिल बंद असली का ते गातच नव्हते."

काकांनी 'मिल' अर्धी वर आणली, 'माणूस' थोडा उचलला. घरघर राहिली, पण शब्द लागले. आईने पहिल्यांदाच एक बाजू संपेपर्यंत ऐकली, ओठ हलवत. काकांनी चहाचा कप तोवर उचलला नाही.

"दुसरी बाजू पुढच्या रविवारी," जाताना ते म्हणाले. त्याच आठवड्यात ते वारले. तेरावं झाल्यावर त्यांच्या मुलीने मिक्सर आणून दिला. "बाबा म्हणत होते, वहिनीचं काम अर्धं राहिलं."

आई अधूनमधून विचारते, दुसरी बाजू कधी. मी मिक्सर पुसते, 'मिल'वर बोट ठेवते. ती कुठे थांबवायची, हे कोणत्याच पट्टीवर लिहिलेलं नाही. यादीत एवढंच बाकी आहे: कॅसेट, दुसरी बाजू.