वैनगंगेच्या वाळूतलं गुलमर्ग

गुलमर्गला गोल्फ खेळायला निघालेल्या माणसाला, ‘तुम्ही कधी चेंडू मारला काय?’ असं विचारू नये. मी विचारलं.

बालाघाटच्या कचेरीतला हा कारकून दर रविवारी पहाटे आम्हा तिघा मित्रांना वैनगंगेच्या वाळूत छत्रीच्या टोकानं सगळी सहल आखून दाखवायचा. गोंदियाला गाडी बदलायची, लोणचं कोणी घ्यायचं, पहिला टोला कोणाचा. माझ्या प्रश्नानं छत्री थांबली. सहल बुडवली मी, असं वाटलं.

“नाही ना भाऊ,” तो हळूच म्हणाला, “मले त्या गवतावर चालाचं हाये.”

त्यानं चपला काढल्या आणि आखलेल्या मैदानावरून धुक्यात चालू लागला. मग आम्हीही काढल्या.

घरी सगळं ऐकून, माझे वाळूनं भरलेले पाय बघत बायको म्हणाली, “तिथं लय थंडी रायते म्हन्ते. मोजे घालून चालजा.”