बेलभंडार

"पळताना लई एकटं वाटतं, कारभारी. तू शेवटाला उभा ऱ्हात जा," असं नूरमहंमद पिंजारी एकदा म्हणाला होता.

तेव्हापासून श्रीगोंद्याकडच्या जत्रांतल्या शर्यतींना कारभारी रेघेपलीकडे उभा राहायचा. पुढे तो गावचा पोलीस पाटील झाला, तरी राहायचा. नूरमहंमद दिवसभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि दिवस कलला की केसांत तंतू तसेच घेऊन अनवाणी ओढ्याकडेने पळत सुटायचा. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मुंबईला निवडीच्या शर्यतीत तो पहिला आला. लंडनच्या ऑलिंपिकला जायचं ठरलं. गावाने त्याला बैलगाडीतून मिरवलं.

आठवड्याने मुंबईहून कागद आला. त्याचा भाऊ अजीज आदल्या साली कराचीला गेला होता, हे कुणीतरी वर कळवलं होतं. आता हा माणूस हिंदुस्थानात परत येईल, असं गावच्या पाटलाने लिहून द्यायचं होतं. सहीवाचून बोटीत जागा नव्हती.

कारभारी सही करणारच होता. पण भरल्या चावडीत कानिफनाथ सुताराने तोंड उघडलं.

"लंडनहून कराचीलाबी बोट जाती म्हनं. ह्यो तिकडंच उतारला, तर पाटील, तुमी जानार का त्याला धरायला पळत?"

माणसं हसली. सगळ्यांत आधी नूरमहंमद हसला.

कारभारीला ती तोंडं कायमची बंद करायची होती. त्यासाठी एकच रीत त्याला ठाऊक होती. त्याने खंडोबाच्या देवळातून शपथेचा बेलभंडार मागवला. मित्राला ही शपथ आपली वाटावी म्हणून शेजारी पिराची उदी ठेवली. एवढी काळजी त्याने घेतली.

"उचल, नूऱ्या. माघारी येतो म्हन. मग बोलायची कुनाची टाप न्हाई."

नूरमहंमद त्या हिरव्या पानांकडे बघत राहिला. त्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. या चावडीत आजवर बेलभंडार कुणी उचलला होता? बैल चोरल्याचा आळ आलेल्याने. बांध कोरणाऱ्याने. कारभारीला ते आत्ता आठवलं.

त्याने घाईघाईने कागद ओढला, सही ठोकली, शाई वाळायच्या आत तो पुढे धरला. "ऱ्हाऊ दे शपथ. ह्ये घे. घे की रं."

कागद कारभारीच्या हातातच राहिला. नूरमहंमदने पटका सारखा केला, वाकून जोडे पायात घातले आणि तो चावडीबाहेर पडला.